सहावं वल्हं

टेबलावर नकाशा, नकाशावर पाव,
पावाच्या चुऱ्याखाली कोकोमेरेन नदी.
बाहेर उणे एकोणीस.
बिश्केकच्या खिडक्यांनी आतूनही बर्फ धरलाय
आणि आम्ही जुलैबद्दल बोलतोय,
जणू जुलै शेजारच्या खोलीत झोपलाय,
आवाज चढला तर उठून बसेल.

नकाशा मेदेरच्या वडिलांचा, सोव्हिएत काळातला.
घडीवर घडी पडून नदी चार जागी तुटलेली,
तिथे त्यांनी चिकटपट्टी लावली होती.
पट्टी पिवळी पडली,
आता तेवढ्या चार जागी पाणी चहाच्या रंगाचं.
ते म्हणे ताडपत्री शिवायचे,
आत व्हॉलीबॉलचे ब्लॅडर कोंबायचे
आणि स्वतःच्या टाक्यांवर भरवसा टाकून
उतरायचे धारेत.
आम्ही भाड्याची पक्की पावती मागतो.

हिशेब माझ्याकडे असतो.
हेल्मेटं सहा, एकाचा पट्टा तुटका.
दोर वीस मीटर, दोन.
ट्रकवाला सूयुनबेक डिझेलचे पैसे आधी मागतो,
आणि वाटेत गाणी त्याचीच लागतात.
साखर.
साखर पुन्हा, कारण मागच्या खेपेला
पहिल्याच खळाळात तिचा पाक झाला.

मग जागा.
डावीकडे पुढे मेदेर. त्याच्यामागे तालंत, मग मी.
उजवीकडे मधे एर्किन; त्याला अजून पोहायला शिकायचंय,
मार्चपर्यंत शिकतो म्हणालाय, गेल्या मार्चपासून.
मागे दिशा धरायला बुरुल.
उजवीकडे पुढे...
पेन थांबतं.
कुणी नाव घेत नाही, कुणी खोडतही नाही.
सहावं वल्हं बाल्कनीत उभं आहे
गुडघाभर बर्फात.

मेदेरची आई चहा ओतते, अर्धाच वाडगा.
अर्धा म्हणजे बसा अजून.
काठोकाठ भरला की समजायचं, उठा.

तेवढ्यात त्याचाच फोन.
येकातेरिनबर्ग, टॅक्सीत इल्गिझ,
तोंडावर लाल सिग्नलचा उजेड.
"तारीख ठरली? बरं, लिहून घ्या.
सासूचं दार अकराच्या आत ओलांडा.
दुपारी वरचं बर्फ वितळून खाली पोचतं,
मग ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
मेंढ्यांच्या जिन्यात वल्ही थांबवू नका,
कितीही घाबरलात तरी.
आणि घोडतोंड्या दगड दिसला की... एक मिनिट...
हां, बसा ताई, कुठे जायचंय? स्टेशन?
...दिसला की डावं घाला, जोरात,
नाहीतर तो खेचून घेतो पोटाखाली."

दोन वर्षं झाली त्याला नदी सोडून.
वायपरच्या तालावर तो आख्खी नदी म्हणतो,
एक वळण चुकत नाही.

किझिल-ओईच्या बातमा आपाने
नोव्हेंबरातच कळवलं होतं मला:
दरड आली, रात्रभर गोठ्यातली घोडी ओरडत होती,
सकाळी घोडतोंड्या जागेवर नव्हता.
खाली गेला असेल, नाहीतर तळाशी बसला असेल,
पाणी उतरेल तेव्हा बघू.
हे मी चौघांना सांगितलंय.
चौघंही आत्ता पावाकडे बघतायत.

"लिहिलंस?" तो विचारतो.
लिहिलं म्हणाले.
डावं घाला, जोरात.
दगडाच्या जागी पेन्सिलने गोल काढला,
आत काही भरलं नाही.

गिऱ्हाईक उतरलं, दुसरं चढलं,
फोन मधेच तुटला. परत आला नाही.
तालंत म्हणाला, पाच जणांची लहान राफ्ट घेऊ,
भाडं वाचेल, सामानही हलकं.
मी यादीवरून मान वर केली नाही.
म्हणाले, लहान मिळत नाहीत,
सहाचीच असते.

मिळतात.
पण हिशेब माझ्याकडे असतो.